सरासरीचा सूर्य आणि आषाढातला अंधार

सरासरी हा अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमातील सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा धडा होय. गेल्या पावसाळ्यात तो वर्गात चालू असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने जे उदाहरण दिले, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणारे नव्हते. हा मुलगा मूळचा अकोले तालुक्यातील, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा. शिक्षणासाठी कोल्हारला मामाच्या घरी राहिलेला. तो म्हणाला, "सर, सरासरी काढली तर आमच्या घरात रोज चार तास दिवा लागतो. पण आषाढात एकही तास लागत नाही." वर्ग हसला. हसू ओसरल्यावर मी त्याच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली.

हकीकत अशी. पाड्यापासून वर, डोंगराच्या सोंडेवर त्यांचे घर एकटेच आहे. विजेचे खांब पाड्याशीच थांबले. काही वर्षांपूर्वी कोणत्याशा योजनेतून घरावर सौर पॅनेल बसले, एक बॅटरी आली, चार दिवे आणि एक पंखा आला. पहिला उन्हाळा सुखात गेला. मग घरात एक लहान दूरदर्शन संचही आला. पावसाळा लागला तसे दिवे मंद होऊ लागले. दुसऱ्या पावसाळ्यात ते तिसऱ्या रात्रीच विझू लागले आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर बॅटरी कायमचीच बसली. दुरुस्तीला कोणी आले नाही. पॅनेल आजही छपरावर चकाकते आहे आणि त्याच्याखाली पुन्हा रॉकेलची चिमणी जळते आहे. सरकारी दप्तरी मात्र ते घर 'विद्युतीकृत' या सदरात सुखरूप असणार, याविषयी मला शंका नाही.

हा प्रश्न एका घराचा नाही. तारेपासून दूर असलेल्या घराला सूर्यावर उजळायचे असेल तर त्याची योजना कशी करावी, हा तंत्रज्ञाचा जितका, तितकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. मर्यादित साधने, अनिश्चित पुरवठा आणि पुढे ढकलता न येणारी गरज या तिन्हींची सांगड घालणे म्हणजेच नियोजन. आमच्याकडे पॅनेल वाटले जातात. नियोजन मात्र कोणी वाटत नाही.

एकच नदी, दोन सूर्य

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात विसावते आणि अकोले, संगमनेर मागे टाकीत आमच्या कोल्हारला भगवतीच्या पायाशी येते. उगमाशी, घाटघर-रतनवाडीच्या भागात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कोल्हारला मोठ्या मिनतवारीने पाचशेच्या जवळपास पडतो. एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या काठी पावसात असा दहापटींचा फरक आहे. जो फरक पावसात, तोच उलट्या दिशेने उन्हात असणार, हे सांगायला वेधशाळा नको.

पॅनेलच्या हिशेबात 'पूर्ण उन्हाचे तास' असे एक माप वापरतात. सकाळचे कोवळे ऊन, दुपारचे रखरखीत ऊन आणि ढगाआडचा उजेड हे सारे एकत्र करून ते भर दुपारच्या किती तासांच्या उन्हाबरोबर होते, हे त्यावरून कळते. आमच्या पठारी भागात वर्षाची सरासरी पाच ते साडेपाच तास धरता येते. एप्रिल-मेमध्ये ती सहाच्या पुढे जाते, पावसाळ्यात चारच्या आसपास येते. सह्याद्रीच्या माथ्याला मात्र जुलैमध्ये आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. तेथे हिशेबासाठी दोन तास धरणे हेच शहाणपणाचे. आणि ज्या घराला बारा महिने दिवा हवा, त्याची योजना साडेपाचावर करून चालत नाही; ती या दोनावर करावी लागते.

गरज आधी, पॅनेल नंतर

आमच्याकडे सौरसंचाची चर्चा 'किती वॉटचे पॅनेल मिळाले?' येथून सुरू होते. वस्तुतः ती संपावयाची तेथे आहे. सुरुवात घरात बसून, कागद-पेन्सिल घेऊन, गरजेच्या यादीने करावयास हवी.

या मुलाच्या घराची यादी आम्ही वर्गातच फळ्यावर मांडली. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर १८० वॉट-तास होतात. तीस वॉटचा काटकसरी पंखा सहा तास फिरला तर आणखी १८०. चाळीस वॉटचा दूरदर्शन संच तीन तास चालला तर १२०. दोन मोबाईल फोन भरण्यासाठी २०. एकूण ५०० वॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत अर्धे युनिट. हेच दिवे जुन्या पद्धतीचे साठ वॉटचे असते, तर केवळ चार दिव्यांनाच सव्वा युनिटाच्या घरात वीज लागली असती. म्हणून दूरच्या घराची पहिली वीजनिर्मिती ही छपरावर होत नसून दिव्याच्या निवडीत होते.

पॅनेलपासून दिव्यापर्यंत पोहोचताना तारेत, बॅटरीत आणि पॅनेलवरील धुळीत मिळून तीस टक्के वीज वाटेत गळते असे धरू. मग ५०० वॉट-तास मिळण्यासाठी सुमारे ७०० वॉट-तास निर्माण व्हावयास हवेत. त्याला सरासरीच्या साडेपाच तासांनी भागले तर १३० वॉटचे पॅनेल पुरते. आषाढातल्या दोन तासांनी भागले तर ३५० वॉटचे लागते. हा पावणेतीन पटींचा फरक म्हणजेच त्या घरातला अंधार होय.

परंतु येथेच दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. यादीतील प्रत्येक वस्तूची निकड सारखी नसते. धुवाधार पावसात डोंगरावर पंखा कशाला हवा? दूरदर्शन संचही महिना-दीड महिना मुका राहिला तर संसार अडत नाही. दिवे आणि फोन एवढ्याच गरजा आषाढात राखल्या तर रोजची मागणी २०० वॉट-तासांवर येते. गळती धरून ती २८५ होते आणि दोन तासांच्या उन्हालाही साधारण दीडशे वॉटचे पॅनेल पुरे पडते! म्हणजे जे पॅनेल सरासरीच्या हिशेबाने बसविले आणि अपुरे पडले, तेच गरजांची प्रतवारी केली असती तर जेमतेम का होईना, पुरले असते. संच देणाऱ्याने घरच्या माणसांना हे एवढे अर्धा तास बसून सांगितले असते, तर बॅटरीचे आयुष्य वाचले असते. तो अर्धा तास कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

थंड मुलखाचा धडा

सूर्य जेथे खरोखरच दुर्मिळ आहे, तेथील लोकांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडविला आहे. नॉर्वेच्या डोंगरांत आणि किनाऱ्यांवर हजारो एकाकी सुटीघरे आहेत. १९८० नंतरच्या काळात तारांपासून दूर असलेल्या अशा घरांवर लहान सौर पॅनेल बसू लागले आणि बराच काळ त्या देशातील पॅनेलचा मुख्य ग्राहक हे सुटीघरच होते. ऑस्लोच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांचाही नसतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम सात अंश चढतो. त्याच दिवशी कोल्हारला अकरा तासांचा दिवस असतो आणि दुपारचा सूर्य सत्तेचाळीस अंशांवर असतो. तरीही तेथील घरात दिवा लागतो आणि आमच्या डोंगरातला विझतो, याचे कारण सूर्यात नाही.

त्या घरांची योजना पाहिली म्हणजे तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट ही की, उष्णतेचे काम विजेवर टाकलेले नसते. स्वयंपाक गॅसवर, ऊब लाकडाच्या शेगडीवर आणि जाड भिंतींवर. वीज फक्त दिव्याला आणि लहानसहान उपकरणांना. आपल्याकडेही हाच नियम हवा. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला तरी एक युनिट खातो; आमच्या डोंगरातल्या घराची ती दोन दिवसांची संपूर्ण गरज झाली. ते काम परसातल्या बंबाने किंवा छपरावरच्या पाणी तापविणाऱ्या सौरसंचाने करावे.

दुसरी गोष्ट पॅनेलच्या उताराची. पॅनेल अक्षांशाइतके कलते ठेवावे, म्हणजे आमच्याकडे वीस अंश, असा एक ठोकळेबाज नियम सर्वत्र सांगितला जातो. हा नियमही पुन्हा वर्षाच्या सरासरीचाच आहे. बर्फाळ मुलखात सूर्य खाली असतो आणि बर्फ घसरून पडावा लागतो, म्हणून तेथे पॅनेल जवळजवळ उभे करतात. आमच्या सह्याद्रीत वाईट महिना जुलैचा. त्या वेळी सूर्य डोक्यावर असतो आणि ढगांतून झिरपणारा उजेड साऱ्या आकाशातून येतो. म्हणून तेथे पॅनेल शक्य तितके आडवे, पावसाने धुऊन निघण्यापुरता दहा-बारा अंशांचा उतार देऊन, बसविणे अधिक हिताचे. डिसेंबरात थोडी वीज कमी मिळेल; पण डिसेंबरात वीज उरतेच. उरणाऱ्या महिन्यातले देऊन तुटीच्या महिन्यात मिळविणे, हाच खरा सौदा.

तिसरी गोष्ट बॅटरीला माणसासारखे जपण्याची. कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली वीस अंशांवर, शिसे-आम्लाची बॅटरी आपली निम्मी शक्ती गमावते. नव्या लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटऱ्या शून्याखाली भरल्या तर कायमच्या बिघडतात. म्हणून त्या घरांत बॅटरीला उबेची जागा द्यावी लागते. आपले दुखणे उलटे आहे. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. असे असता आमच्याकडे ती पत्र्याच्या पडवीत, पश्चिमेच्या भिंतीला ठेवलेली दिसते. घरातील सर्वांत गार, कोरडा आणि हवेशीर कोपरा तिचा असावयास हवा. मेच्या उन्हात पॅनेलही साठ अंशांच्या पुढे तापते आणि दहा-पंधरा टक्के वीज कमी देते, हेही येथे नमूद करावयास हवे. अधिक ऊन म्हणजे त्याच प्रमाणात अधिक वीज, असा हिशेब निसर्ग करीत नाही.

खरा खर्च साठवणुकीचा

सूर्य फुकट आहे असे म्हणतात, ते खरेच आहे. पण रात्र फुकट नाही. दिवसा मिळालेले रात्रीसाठी आणि उघडिपीत मिळालेले झडीसाठी राखून ठेवणे, याचेच दाम मोजावे लागते. धान्य पिकविण्यापेक्षा ते पेवात टिकविणे कठीण, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. अकोले तालुक्यातच, घाटघर येथे, २००८ साली सुरू झालेला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प उभा आहे. मागणी कमी असते तेव्हा खालच्या तलावातील पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची, हे त्याचे काम. म्हणजे ती साऱ्या राज्यासाठी बांधलेली एक प्रचंड बॅटरीच होय. तिच्या आसपासच्या डोंगरांतल्या एकाकी घरात मात्र चार दिव्यांची बॅटरी टिकत नाही, या विसंगतीवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरातली बॅटरी का बसली? तिच्यातून रोज जेवढे काढले जाई, तेवढे पावसाळ्यात परत भरले जात नसे. शिसे-आम्लाची बॅटरी दीर्घकाळ अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर क्षाराचा कठीण थर बसतो आणि तिची साठवणशक्ती हळूहळू नष्ट होते. केवळ व्याज भरीत राहणाऱ्या आणि मुद्दल कधीच न फेडणाऱ्या कुळासारखी तिची अवस्था होते. एक दिवस सावकार दाराला कुलूप लावतो. पॅनेल सरासरीवर बेतले, त्याची किंमत बॅटरीने मोजली.

झडीचे चार दिवस निभावायचे असतील, तर रोजचे २०० प्रमाणे ८०० वॉट-तास गाठीशी हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये. म्हणजे १,६०० वॉट-तासांची, बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी लागते. लिथियमची बॅटरी ऐंशी टक्के वापरता येते; तेथे शंभर अँपिअर-तासांत काम भागते. ती घेताना महाग पडते, पण अधिक वर्षे टिकते.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त उपयोगी पडतो. दोन उत्पादनघटकांपैकी जो स्वस्त झाला तो अधिक वापरावा आणि जो महाग आहे तो वाचवावा. १९८० च्या सुमारास पॅनेल सोन्याच्या मोलाचे होते. तेव्हा ते कमी आणि बॅटऱ्या अधिक, अशी रचना शहाणपणाची असे. २०१० नंतरच्या दशकात पॅनेलच्या किमती जगभर जवळजवळ एक-दशांशावर आल्या. बॅटरी मात्र आजही गरीब घराच्या खर्चातील जड बाब आहे. म्हणून आज एक पॅनेल जास्तीचे बसवावे. ढगाळ दिवशीही बॅटरी पूर्ण भरेल, तिचे आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढेल आणि पॅनेलवरचा खर्च वसूल होईल. मात्र पॅनेल वाढविताना त्या मानाने चार्ज कंट्रोलरही मोठा घ्यावा लागतो, हे विसरू नये.

अनुदान कोणाच्या छपरावर?

आता शासनाच्या योजनांकडे वळू. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक जोडणी, शिवाय पाच वर्षे देखभाल, अशी तरतूद होती. कागदावर हा संच आमच्या फळ्यावरील हिशेबाला बराचसा जुळतो, हे मान्य केले पाहिजे. ती योजना २०२२ च्या मार्चअखेर संपली. पुढे २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन आणि २०२४ मधील धरती आबा या अभियानांत आदिवासी वस्त्यांसाठी सौरसंचांना पुन्हा स्थान मिळाले आहे. हेतूविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती पाच वर्षांनंतर काय, याला उत्तर नसण्याविषयी. पॅनेल पंचवीस वर्षे चालते. चांगली शिसे-आम्लाची बॅटरी पाच वर्षे चालली तरी पुष्कळ. म्हणजे एका पॅनेलच्या आयुष्यात चार वेळा बॅटरी बदलावी लागणार. पहिली सरकारने दिली. उरलेल्या चार कोणी द्यावयाच्या?

दुसरीकडे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेली सूर्यघर योजना पाहा. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ज्यांना ते मिळाले त्यांचे वीजबिल खरोखरच उतरते. कोल्हारमध्ये एक किलोवॉटचे पॅनेल महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिटे देऊ शकते. परंतु ही योजना तारेला जोडलेल्या घरांसाठी आहे. अशा घराला बॅटरी लागत नाही, कारण उरलेली वीज तारेत जाते आणि रात्री तारेतून परत येते. म्हणजे साठवणुकीचा सारा भार महावितरणच्या जाळ्यावर आहे. एक गोष्ट अनेक घरमालकांना पॅनेल बसविल्यानंतरच कळते, ती अशी की तारेतील वीज गेली की हा संचही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तसे करणे अत्यावश्यकच असते. तथापि ज्याच्या दारात तार आहे त्याला हे अनुदान, आणि ज्याच्या दारात तारही नाही तो या योजनेच्या व्याख्येबाहेर, हे समन्यायाच्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे.

शेतपंपांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज ठरावीक तास, आळीपाळीने दिवसा आणि रात्री देण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. उसात बिबट्याचा वावर असलेल्या आमच्या तालुक्यांत रात्रीच्या पाळीला बारे धरायला जाणे म्हणजे काय, हे राहाता-संगमनेरच्या शेतकऱ्याला विचारावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील आरंभीचा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला, उभा राहिला. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा पाच टक्के आहे. सौरपंप यशस्वी होतो याचे कारण त्याला बॅटरी लागत नाही. शेततळ्यातील पाणी हीच त्याची साठवण आणि ओलावलेली जमीन हीच त्याची बचत. आषाढात पंप बंद राहिला तरी बिघडत नाही, कारण आभाळच पाणी देत असते. गरज आणि सूर्य यांचा हंगाम तेथे जुळतो. दिव्याचा तसा जुळत नाही, म्हणून दिव्याला नियोजन लागते.

घसारा आणि सहकार

यावर उपाय काय? मला तो बाहेरून आणावासा वाटत नाही. कोल्हारपासून हाकेच्या अंतरावर प्रवरानगर आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभारलेल्या आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिले अध्यक्षपद सांभाळलेल्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पाहिला. याच परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशकांच्या आसपास घरोघरी वीज वाटली. थकबाकीच्या वादात सापडून २०११ मध्ये तिचे वितरण संपले आणि ते महावितरणकडे गेले. या इतिहासातून कोणी सहकाराची निरर्थकता काढील. मी वेगळा निष्कर्ष काढतो. वीज वाटण्याचे काम गावकऱ्यांची संस्था करू शकते, हे तिने सिद्ध केले. आणि वसुली व घसारा यांची शिस्त नसेल तर कोणतीही संस्था टिकणार नाही, हेही त्याच अनुभवातून शिकावयाचे आहे.

घसारा हा शब्द हिशेबनिसांच्या वह्यांत राहतो; तो पाड्यावर नेला पाहिजे. समजा, एका बॅटरीची किंमत बारा हजार रुपये आहे आणि ती पाच वर्षे चालते. म्हणजे घराने महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले, तर सहाव्या वर्षी नवी बॅटरी कोणाकडेही हात न पसरता येते. आसपासच्या पाड्यांवरील चाळीस घरांनी आणखी पन्नास-पन्नास रुपये घातले, तर महिन्याला दोन हजार रुपयांत त्याच परिसरातील एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाला महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाण्यासाठी मानधन देता येईल. तो बॅटरीत शुद्ध पाणी घालील, गंजलेले जोड घासील, पॅनेलवरचे शेवाळ आणि सावली धरणारी फांदी काढील. आणि मुख्य म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात घरच्या माणसांना सांगेल की, 'काका, आता दोन महिने पंखा नि टीव्ही बंद ठेवा.' दूध संकलनाची संस्था जर रोज दोनदा पाड्यावर पोहोचू शकते, तर दिव्याची संस्था महिन्यातून एकदा का पोहोचू नये?

दोनशे-अडीचशे रुपये ही रक्कम अशा घराला लहान नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून अनुदानाची दिशा बदलावी, असे माझे म्हणणे आहे. संचाच्या किमतीवर सारे अनुदान पहिल्याच दिवशी खर्च करून टाकण्याऐवजी त्यातील काही भाग अशा संस्थेच्या बॅटरी-निधीत ठेवावा आणि घरचा हप्ता निम्म्यावर आणावा. वस्तू देणे ही एक दिवसाची बातमी असते. सेवा देणे हे पंचवीस वर्षांचे बंधन असते. शासनाला पहिले सोयीचे वाटते, नागरिकाला दुसऱ्याची गरज असते.

आणखी एक लहानशी सूचना. आपल्याकडे योजनांची तपासणी आणि खर्चाचा ताळमेळ मार्चअखेर होतो. मार्चमध्ये सूर्य भरपूर असतो. अधिकारी डोंगरावर जीप नेऊ शकतात, बटण दाबतात, दिवा लागतो आणि अहवालात 'संच कार्यान्वित' असा शेरा पडतो. ही तपासणी आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री आठ वाजता करावी. वाट चिखलाची असेल, ओढा भरलेला असेल, हे खरे. पण त्या घरातली माणसे त्याच वाटेने ये-जा करतात. त्या रात्री जेवढे दिवे लागलेले दिसतील, तेवढीच घरे 'विद्युतीकृत' मानावीत. बाकीची यादीतून निर्भयपणे काढून टाकावीत. यादी लहान होईल, पण खरी होईल, आणि पुढच्या वर्षीचे काम तेथूनच सुरू करता येईल.

माझ्या विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत घरी जाताना फळ्यावरचा तो हिशेब वहीत उतरवून नेला. जुन्या पॅनेलशेजारी आणखी एक पॅनेल आणि एक नवी बॅटरी, यासाठी तो आणि त्याचे वडील पैसे जमवीत आहेत. परत आल्यावर त्याने मला विचारले, "सर, बॅटरी आत्ता घेऊ की जूनच्या तोंडाला?" मी त्याला सांगितले की उन्हाळ्यात घे, ती पूर्ण भरलेली असतानाच पावसाळ्यात शिरली पाहिजे. त्याने मान डोलावली आणि वहीत ती ओळ लिहून घेतली. सरासरीचा धडा त्याला आता पुन्हा शिकविण्याची गरज नाही. तो शिकावयाचा आहे तो योजना आखणाऱ्यांनी.